वृद्धाश्रमात गाणं-बजावणं : सोलापुरात कोण कोण करतंय, आणि काय गायचं?

सातरस्ता_सूर
नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा ग्रुप आहे, बहुतेक सगळे रिटायर झालेले, शहरातल्या दोन वृद्धाश्रमांत दर पंधरवड्याला शनिवारी दुपारच्या चहानंतर गाणं-बजावणं करायला जातो. पेटी माझ्याकडं, ढोलकी आहे, टाळ आहेत, एक काका तुणतुणं घेऊन येतात. पैसे कुणी घेत नाही. आता आणखी दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय आणि आमची माणसं कमी पडायलीत, म्हणून हा धागा.

दुसरं कारण असं की हे काम आपल्याकडं ज्या पद्धतीनं होतं त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, त्या दिवशी एकेका आश्रमात तीन-तीन ग्रुप येतात, बॅनर लावतात, केळी-बिस्किटं वाटतात, मोठ्या स्पीकरवर कराओके लावून चार गाणी म्हणतात, फोटो होतात आणि मग वर्षभर कोणी फिरकत नाही. येणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो हो, पण समोर बसलेल्या माणसाला त्यात गायला कुठं मिळतं? टाळ्या वाजवा म्हटलं की वाजवायच्या आणि शेवटी आभाराचं भाषण ऐकायचं.

माझं म्हणणं असं की गाणं आपण उचलायचं आणि झील त्यांच्याकडं द्यायची. शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात, तसं. नातवाचं नाव न आठवणारी माणसं पालुपद बरोबर समेवर पकडतात, हे मी समोर बसून बघितलंय. त्यासाठी पालुपद असलेलीच गाणी निवडावी लागतात, गवळण, भारूड, पोवाड्याची झील, देवीचं गाणं, आरती, भूपाळी, जात्यावरच्या ओव्या. लांबलचक आलापीचं गाणं कितीही सुंदर असलं तरी तिथं ती माणसं बाहेर राहतात.

तर सांगा, तुमच्यापैकी कोण कुठं करतं, काय चालतं, काय चालत नाही? आणि तेलुगू, कन्नड गाणारं कोणी आहे का?

लीड्सकर_मोहोळची
ताई, धागा बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी मूळची मोहोळची, सध्या इंग्लंडात लीड्सला एका केअर होममध्ये कामाला आहे. आमच्याकडं एक गृहस्थ ठरल्या दिवशी येतात, डोक्यावर काउबॉय हॅट, पायात बूट, हातात गिटार, आणि कंट्री म्युझिक गातात. कंट्री म्हणजे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरातलं, खेड्यातलं गाणं, गिटार, बँजो, फिडल यावरचं. १९२७ साली तिकडं अमेरिकेतल्याच ब्रिस्टल नावाच्या गावात कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स यांची रेकॉर्डिंग झाली आणि हे गाणं सगळीकडं पसरलं. इथल्या इंग्रज आजी-आजोबांना ते आपलं वाटतं कारण त्यांच्या तरुणपणी रेडिओवर जिम रीव्हज हा कंट्री गायक लागायचा. तो १९६४ ला विमान अपघातात गेला, पण आमच्या लाउंजमध्ये त्याची गाणी अजून तोंडपाठ आहेत.

तुम्ही झीलचं म्हटलात ना, तेच इथं आहे. कंट्री गाण्यात तीन-चार कॉर्ड असतात, एक सरळ गोष्ट असते, घर सुटलं, आई आठवली, आगगाडी निघाली, आणि प्रत्येक कडव्यानंतर तेच पालुपद परत येतं. म्हणून माणूस हरवत नाही, एक कडवं चुकलं तरी पुढच्या वळणावर परत गाडीत चढता येतं. ते गृहस्थ स्टेजसारखे एका जागी उभे राहत नाहीत, खुर्ची-खुर्चीजवळ जातात, गुडघ्यावर बसून डोळ्यात बघून गातात, नावानं हाक मारतात. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांचं बसल्या बसल्या पायांनी लाइन डान्सिंग चालतं.

सातरस्ता_सूर
लीड्सकर, खूप छान सांगितलंस गं. तिकडं या लोकांना पैसे मिळतात का? का सगळे हौशी?

लीड्सकर_मोहोळची
दोन्ही प्रकार आहेत ताई. 'लाइव्ह म्युझिक नाऊ' म्हणून एक संस्था आहे, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी इयान स्टाउट्झकर यांच्याबरोबर १९७७ साली काढलेली. ती तरुण वादकांना निवडते, आधी ट्रेनिंग देते, केअर होममध्ये आणि विशेष मुलांच्या शाळांत पाठवते आणि त्याचं मानधन देते. ट्रेनिंग ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चांगलं गाता येणं वेगळं आणि डिमेन्शिया असलेल्या माणसासमोर गाता येणं वेगळं.

आणि एक, ग्लेन कॅम्बेल नावाचा कंट्री गायक होता, २०११ साली त्यानं अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं आणि त्यानंतर निरोपाचा दौरा काढला. बँडमध्ये त्याचीच मुलं, शब्द विसरू नयेत म्हणून समोर प्रॉम्प्टर. बोलताना अडखळायचा पण गिटारवर बोटं बरोबर फिरायची. २०१७ ला गेला. बोललेलं पुसलं जातं आणि गाणं मागं राहतं, हे आमच्या इथं रोज दिसतं.

हलगीवाला_बाळे
ताई नमस्कार. लै भारी विषय काढलात. माझं एकच म्हणणं हाय, हलगी पाह्यजे. तुम्ही पेटी-टाळ घेऊन जाता म्हणजे सगळं भजनच होणार आणि मग बाप्ये माणसं मागं भिंतीला टेकून बसून राहतात. आमच्या भागातल्या एका आश्रमात आम्ही अंगणात हलगी वाजवली तर जे आजोबा जेवायला सुद्धा खोलीबाहेर येत नव्हते ते काठी टेकत आले आणि हात वर करून लेझमीचा पवित्रा घेतला की ओ! गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वजामागं चाललेला माणूस हाय तो, त्याला पेटीचं काय करायचंय.

फक्त खोलीत वाजवू नका, कान फुटतात. अंगणातच, आणि लांबून सुरू करून हळूहळू जवळ यायचं. चामड्याची असली तर आधी शेकायला लागते, पावसाळ्यात तर जास्तच, त्यासाठी पाचटाचा जाळ करायला कोपऱ्यात जागा बघून ठेवायची. फायबरच्या पानाची हलगी पण मिळते आता, तिला शेकायला नको, पण आवाजात तो ठणका नाही.

ऐका_होटगीरोड
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणारा, दोन गोष्टी माझ्या बाजूनं. वय वाढतं तसे वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ ही व्यंजनं पुसट होतात, म्हणून 'ऐकू येतं पण कळत नाही' अशी तक्रार असते. त्यावर आवाज वाढवणं हा उपाय नाही, कारण अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो, मधली जागाच कमी झालेली असते. श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला फुल व्हॉल्यूमचा स्पीकर म्हणजे नुसता त्रास. टाळ-झांजांचा पण तसाच, त्यामुळं टाळ शक्यतो लांब आणि कमी.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. आयुष्यभर यंत्रमागावर उभी राहिलेली माणसं. माग खात्यातला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज असतो, आणि अशा आवाजानं कान साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत, आधी खराब होतात. त्यात पुन्हा वय. म्हणजे पूर्व भागातल्या आजोबांसमोर उंच आवाजातल्या बाईंनी माईकवर गायलेलं त्यांना जवळपास काहीच लागत नाही. जवळ बसा, ओठ दिसू द्या, तोंडावर उजेड पडेल असं बसा, पंखा शक्य असेल तेव्हा हळू करा, आणि पट्टी खाली घ्या.

सातरस्ता_सूर
डॉक्टर, पट्टीचं अगदी बरोबर. आमच्या ग्रुपमधल्या गाणाऱ्या ताई एरवी पेटीच्या काळी पाचला गातात, तिथं आम्ही पांढरी चारला उतरतो आणि मग आज्या गाऊ लागतात, कारण म्हातारपणी बायकांचा आवाज खाली गेलेला असतो, वरच्या पट्टीत त्या नुसत्या ओठ हलवतात. लय पण धीमी ठेवतो. भजनी ठेका आणि केरवा यापलीकडं ढोलकीवाल्याला जाऊ देत नाही, बिचारा ऐकतो.

अशोकचौक
मी पूर्व भागातला, घरी तेलुगू. ताई तुम्ही तेलुगूचं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या आईला शेवटच्या वर्षांत आम्ही एका ठिकाणी ठेवलं होतं, घरी दिवसभर कुणी नसायचं, माग चालू ठेवायचे तर दुसरा इलाज नव्हता. तिथं येणारे सगळे मराठी भजनं म्हणायचे, आईला मराठी येत होतं, बाजारापुरतं चांगलं येत होतं, पण ती ऐकून गप्प बसायची. मग एकदा नवरात्राच्या आधी माझी बहीण आणि गल्लीतल्या चार बायका तिथं गेल्या आणि बतुकम्माची, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाची गाणी म्हटली. ती गाणी कशी असतात तर एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या प्रत्येक ओळीला 'उय्यालो' म्हणतात, फुलं रचून केलेल्या बतुकम्माभोवती गोल फिरत टाळ्या. तरवडाची पिवळी फुलं सुद्धा नेली होती.

आई खुर्चीत होती. तिनं आयुष्यभर बिड्या वळल्या, मांडीवर सूप घेऊन. गाणं सुरू झालं आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं मांडीवर चालायला लागली, पान ओलं करून कापायचं, तंबाखू पसरायचा, गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोरा. हातात काहीच नव्हतं पण एकही पायरी चुकत नव्हती आणि तोंडानं 'उय्यालो' चालू. दिवसाला हजार बिड्या वळायच्या तेव्हा सगळ्या बायका गातच वळायच्या, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण गाणं हातात पण बसलेलं असतं हे तेव्हा कळलं.

तर ताई, तेलुगू गाणाऱ्या बायका मी आणतो. माझी बहीण तयारच आहे.

सातरस्ता_सूर
दादा, वाचून गलबलून आलं. बहिणीला नक्की आणा. आमच्या दोन्ही आश्रमांत तेलुगू बोलणाऱ्या आज्या आहेत आणि त्यांच्यापर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही.

कट्टा_अक्कलकोट
कन्नडसाठी मी आहे. आमच्यात वचनं म्हणतात, म्हणजे शिवभक्त शरणांच्या छोट्या कन्नड रचना, आणि सोलापूरकरांनी लक्षात ठेवावं, आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले शरण, त्यांची स्वतःची वचनं कन्नडमध्ये आहेत. घरात कन्नड बोलणारे कितीतरी आजी-आजोबा या शहरात आहेत. वचनाला पेटी नसली तरी चालते, एकतारी पुरते.

रंगभवन_रसिक
सगळ्यांचा मान ठेवून थोडं वेगळं बोलतो. आम्ही वर्षातून दोनदा शहरातल्या आश्रमांच्या मंडळींना बसनं सभागृहात आणतो, पूर्ण वाद्यवृंद, साउंड, लाइट. तुम्ही म्हणता तसं छोटं-जवळचं ठीक आहे, पण त्या माणसांना नवीन साडी नेसून, पावडर लावून, गजरा माळून बाहेर पडायला मिळतं त्याचं काय? ती कधीकाळी हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून नाटक बघणारी माणसं आहेत. त्यांना रसिक म्हणून खुर्चीवर बसायचा पण हक्क आहे, प्रत्येक वेळी त्यांना गायला लावलंच पाहिजे असं थोडंच आहे? काही जणांना नुसतं ऐकायचं असतं.

सातरस्ता_सूर
रसिकदादा, तुमचा मुद्दा मला पटला, विशेषतः रसिक म्हणून बसण्याचा. गजऱ्याचं तर शंभर टक्के. पण बसमध्ये चढू शकणारी माणसं वेगळी आणि आमच्याकडं गादीवर असलेली वेगळी, त्यांना कोण सभागृहात नेणार? दोन्ही व्हायला पाहिजे. तुमचा कार्यक्रम असेल तेव्हा आमच्याकडच्यांना पुढच्या रांगेत, पण स्पीकरच्या समोर नको अशा ठिकाणी जागा ठेवाल का? डॉक्टरांनी वर लिहिलंय ते एकदा तुमच्या साउंडवाल्याला दाखवा ही विनंती.

रंगभवन_रसिक
नक्की. स्पीकरचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मावशी_ड्युटीवर
मी आश्रमात काम करते, फोनवर टाइप करतेय, शुद्धलेखन बघू नका. येणाऱ्या लोकांना काही सांगायचं होतं बरेच दिवस. दुपारी जेवण झाल्यावर लगेच येऊ नका, सगळे झोपतात आणि उठवून बसवलं की चिडतात. सहानंतर पण नको, विसरणारी माणसं दिवस मावळताना जास्त घाबरी होतात, घरी जायचंय म्हणून दाराशी जाऊन उभी राहतात. चार-सव्वाचार बरोबर, चहा झालेला असतो, बाथरूमला नेऊन आणलेलं असतं. पाऊण तास बस. एप्रिल-मेमध्ये तर पत्रा तापलेला असतो, तेव्हा सकाळी दहाच्या आत या.

आणि गाणं ऐकून कुणी रडलं की तुम्ही लोक घाबरून गाणं बंद करता, माईकवर सॉरी म्हणता. करू नका. रडू द्या, एकानं जवळ जाऊन हात धरा आणि गाणं तसंच हळू चालू ठेवा, संपू द्या. मधेच तोडलं तर ते माणूस रात्रभर तिथंच अडकतं आणि तुम्ही गेल्यावर आम्हीच असतो.

खाटेवरच्या लोकांना विसरू नका. सगळा कार्यक्रम हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत चार जण छताकडं बघत, असं असतं. दोघांनी आत या, एक गाणारा एक वाजवणारा, आधी विचारा की गाऊ का, नको म्हटलं तर बाहेर जा.

सातरस्ता_सूर
मावशी, तुम्ही लिहिलेलं मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जसंच्या तसं टाकतेय. तुणतुणंवाले काका आणि मी आतल्या खोल्यांचं बघतो, पुढच्या वेळेपासून पहिल्यांदा तिथंच.

भजनीठेका
एक प्रश्न. एका ठिकाणी आजींनी लावणी म्हणा म्हणून सांगितलं. आमच्या मंडळात त्यावरून दोन तट पडले. काहींचं म्हणणं या वयात देवाचंच नाव घ्यावं.

मोडनिंबकर
या वयात म्हणजे काय हो. आज ऐंशी वर्षांचं माणूस १९६५ ला विशीत होतं. विविध भारती १९५७ ला सुरू झालं, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला त्याच्याही आधी, हे सगळं ऐकत ती माणसं तरुण झाली, प्रेमात पडली, तमाशाच्या तंबूत रात्रभर बसली. आठवणी सगळ्यात घट्ट बसतात त्या दहा ते तिशीच्या दरम्यानच्या. आणि लावणी तर आपल्या मातीतलीच, पेशवाईतला शाहीर राम जोशी सोलापूरचा, शाहीर अमर शेख बार्शीचे, मोडनिंबची कलाकेंद्रं आजही आहेत. आजींनी मागितली तर आजींना द्या. देवाचं नाव त्या त्यांच्या त्या घेतात, त्याला आपली परवानगी लागत नाही.

शिवाय ज्यांनी ही कला पोटासाठी केली त्यातलीच कितीतरी माणसं आज म्हातारी होऊन घरी बसलीत, वृद्ध कलावंत मानधनावर दिवस काढायलीत. ढोलकीला तुमचे हौशी हात पुरत नसतील तर त्यांना बोलवा, आणि बोलावलं तर मानधन द्या. फुकट सेवा तुम्ही करा, तुमची पेन्शन आहे. त्यांना रिक्षाभाडं सोडून हातात पाकीट मिळालं पाहिजे.

सातरस्ता_सूर
हे फार मोलाचं सांगितलंत. आम्ही पैसे घेत नाही हे मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं, पण ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्याकडून फुकट मागायचं नाही, हे आजपासून आमच्यात ठरलं. वर्गणी काढू.

कोर्टकॉलनी
सिनेमातली गाणी म्हणायला परवानगी लागते का असं एका आश्रमवाल्यांनी मला विचारलं होतं, कुणाला उपयोग होईल म्हणून टाकतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर गाणं सादर केलं तर ते उल्लंघन धरलं जात नाही. पण त्याचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणं हा वेगळा विषय. आणि तसंही तिथल्या माणसांचे चेहरे त्यांना न विचारता टाकू नयेत, काहींच्या घरच्यांनी नातेवाइकांना सांगितलेलं पण नसतं.

शेंगाचटणी
+१ शेवटच्या वाक्याला. माझ्या मावशीचा फोटो असाच फिरला होता, तिला फार लागलं.

सातरस्ता_सूर
सगळ्यांचं वाचून एक ठरवतेय, सांगा जमेल का. येत्या शनिवारी दुपारी चारला एका आश्रमाच्या अंगणात नेहमीचं गाणं आहे, तिथल्या व्यवस्थापकांशी बोलले, ते फाटक उघडं ठेवायला तयार आहेत. म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या बायका, पोरं, कोपऱ्यावरचे टपरीवाले, ज्याला यायचंय त्यानं यावं, आणि यजमान आश्रमातली मंडळी, पाणी-चहा त्यांच्या हातानं. भेट द्यायला येतात तसं कुणी यायचं नाही, गाणं ऐकायला आणि झील धरायला यायचं. बॅनर नको, सत्कार नको, नारळ नको. आधी आतल्या खोल्या, मग अंगण. क्रम असा धरलाय की भूपाळी-ओव्यांनी सुरुवात, मग तेलुगू, कन्नड वचन, एक पोवाडा, आजींची लावणी, आणि शेवटी हलगी. उर्दू-दखनीतलं कोणी असेल तर फार बरं होईल, तिथं एक चाचा आहेत, कव्वालीच्या नुसत्या नावानं ताठ बसतात.

अशोकचौक दादा, बहिणीला विचारून कळवा. कट्टा, एकतारी घेऊन या. पत्ता व्यक्तिगत निरोपात देते.

अशोकचौक
बहीण आणि आणखी तिघी येतायत. एकीच्या सासूबाई पण येणार म्हणतायत, ऐंशीच्या पुढच्या आहेत, गाणी सगळ्यात जास्त त्यांनाच येतात.

विजापूरवेस
चाचांसाठी मी येतो. माझे मामू ढोलक वाजवतात, त्यांना पण आणतो. माईक लागणार नाही ना?

सातरस्ता_सूर
अजिबात नाही.

हलगीवाला_बाळे
ताई हलगी शेवटी ठेवलात, चालंल. पण जाळ कुठं करायचा ते व्यवस्थापकांना विचारून ठेवा, खिडक्यांपासून लांब पाह्यजे, आतल्या खाटेवरच्या माणसांना धूर जायला नको. मी पाऊण तास आधी येतो. त्या लेझीमवाल्या आजोबांना पण रिक्षात घालून आणू का? त्यांच्या आश्रमवाल्यांना मी विचारतो.

मावशी_ड्युटीवर
आणा. पण त्यांची तीनची गोळी देऊनच आणा, आणि सोबत एक माणूस परत जाईपर्यंत थांबलं पाहिजे.

हलगीवाला_बाळे
माझा पोरगा थांबतो.